अटॅकनंतरची धास्ती : एका भीतीचा इतिहास

रायपूरच्या बुढापाऱ्यात तीन भाषा एकाच ओसरीवर बसतात. छत्तीसगढीत 'पारा' म्हणजे वस्ती, मोहल्ला. बुढा तालाबाच्या काठची ही वस्ती. कोणी नागपूरकर भोसल्यांच्या अमलात आलं, कोणी पुढे नोकरी-वकिलीच्या निमित्तानं. इथली मराठी घरं अजून घरात मराठी, बाजारात हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी बोलतात. हृदयविकाराचा झटका आला की तिन्ही भाषा एकच शब्द वापरतात : अटॅक. पण अटॅक येऊन गेल्यावर, माणूस घरी परतल्यावर जे मागे उरतं, त्यासाठी मात्र तिघींनी आपापला शब्द राखून ठेवला आहे. मराठी म्हणते धास्ती, नाहीतर धाकधूक. हिंदी म्हणते घबराहट. छत्तीसगढी म्हणते धुकधुकी. दवाखान्यातून मिळणाऱ्या डिस्चार्ज कार्डावर कोणती नळी किती टक्के बंद होती, स्टेंट कुठे बसवला, गोळ्या कोणत्या वेळेला घ्यायच्या हे सगळं असतं. या तीन शब्दांपैकी एकही नसतो.

अटॅकमधून वाचलेल्या माणसाला आपण 'बरा झाला' म्हणतो. त्याला स्वतःला विचारावं. रात्री डाव्या कुशीवर वळलं की उशीत आपलेच ठोके ऐकू येतात आणि झोप उडते. ढेकर अडकली तरी हात छातीकडे जातो. जिना दिसला की पाय थबकतात. बाहेरगावी जायचं म्हटलं की पहिला प्रश्न, तिथून दवाखाना किती लांब? ज्या शरीराकडे चाळीस-पन्नास वर्षं कधी लक्षही गेलं नव्हतं, त्याच्यावरचा भरवसा एका सकाळीच उडालेला असतो. ही धास्ती त्या उडालेल्या भरवशाची आहे.

तिलाही इतिहास आहे. वैद्यकानं तिला कधी रोगाचं लक्षण मानलं, कधी भित्रेपणा म्हणून बाजूला सारलं, आणि बराच काळ तर तिचंच ऐकून रोग्याला निजवून ठेवलं. हा इतिहास वाचताना एक गोष्ट मला ठळकपणे दिसत गेली. माणूस जितका निश्चल पडून राहिला तितकी धास्ती वाढली. तो उठून बसला, चालू लागला आणि मुख्य म्हणजे त्याबद्दल बोलू लागला, तेव्हा ती ओसरायला लागली.

अरुंद जागेचा शब्द

अनुवादाचं काम करणाऱ्याची वाट शब्दापासूनच सुरू होते. १७६८ साली लंडनचे डॉक्टर विल्यम हेबर्डन यांनी तिथल्या वैद्यमंडळापुढे एका दुखण्याचं वर्णन वाचून दाखवलं. ते १७७२ साली छापून आलं. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, छातीत उठणारी आणि थांबताच ओसरणारी वेदना. त्यांनी तिला नाव दिलं 'अँजायना पेक्टोरिस'. हे नाव का, याची कारणं देताना त्यांनी वेदनेची जागा सांगितली, गळा आवळल्यासारखी जाणीव सांगितली आणि सोबत येणारी घोर चिंताही सांगितली. म्हणजे या रोगाच्या अगदी पहिल्या व्याख्येतच भीती होती. ती नंतर कोणी जोडलेली नाही.

लॅटिनमध्ये 'आंगेरे' म्हणजे आवळणं, गळा दाबणं. त्यातूनच 'अँजायना' आला आणि त्यातूनच 'अँग्झायटी'. जर्मन 'आंग्स्ट' त्याच कुळातला. आणि आपल्याकडे ऋग्वेदातला 'अंहस्' हाही त्यांचाच भाऊबंद : संकट, कोंडी, जाच. 'अंहु' म्हणजे अरुंद. त्याच्या उलट शब्द आहे 'उरु', म्हणजे विस्तीर्ण. वेदातले ऋषी देवांकडे कोंडीतून सुटका मागतात तेव्हा ऐसपैस मोकळी जागा मागतात. मराठीत या मुळाचा शब्द राहिला नाही, पण कल्पना राहिली. घुसमट, कोंडमारा, जीव गुदमरणं, छातीवर दडपण. भीती म्हणजे जागा अरुंद होणं, हे भाषेला डॉक्टरांच्या आधीपासून ठाऊक होतं.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानाचा शेवटचा, तिसावा अध्याय हृदयावर आहे. हृदय हे चेतनेचं आणि ओजाचं स्थान, असं तिथे म्हटलं आहे. ते राखायचं असेल तर काय टाळावं, याच्या उत्तरात चरक आहाराआधी मनाकडे वळतो. ज्यानं मनाला दुःख होतं त्या गोष्टी विशेष करून टाळाव्यात, असं तो सांगतो. सल्ला उत्तम आहे. अडचण एवढीच की अटॅक येऊन गेलेल्याच्या मनाच्या दुःखाचं कारण खुद्द त्याचं हृदयच असतं. ते टाळून जायचं कुठे?

एक निनावी पत्र

हेबर्डन यांचा लेख छापून आल्यावर त्यांना एक निनावी पत्र आलं. वर्णन वाचून त्या गृहस्थाला स्वतःचीच ओळख पटली होती. चालताना मध्येच येणारी कळ त्यानं लिहिली होती. शिवाय आणखी एक विलक्षण जाणीव लिहिली होती : शरीरातले सगळे व्यापार तीन-चार सेकंद एकदम थांबल्यासारखे वाटतात आणि मग पुन्हा सुरू होतात. आपण अचानक मेलो तर शरीर उघडून कारण शोधावं, अशी परवानगीही त्यानं देऊन ठेवली. पत्रानंतर थोड्याच दिवसांत तो गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे शवविच्छेदन झालं. ते जॉन हंटर यांनी केलं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांकडे मात्र त्या वेळी कोणाचं लक्ष गेलं नाही.

त्या माणसाचं नाव आजही इतिहासात नाही. पण या रोगाबद्दल रोग्यानं स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या मजकुरात हे पत्र फार मोलाचं आहे. त्यानं भीती लपवली नाही आणि तिच्या कह्यातही गेला नाही. तिचं निरीक्षण केलं आणि लिहून काढलं.

हंटर हे त्या काळातले नामांकित शल्यविशारद. पुढे त्यांना स्वतःलाच हा रोग जडला. राग आला की कळ उठे. मला चिडवायचं मनात आणणाऱ्या कोणत्याही हलकटाच्या हाती माझा जीव आहे, अशा अर्थाचं ते म्हणत. १७९३ साली लंडनच्या सेंट जॉर्ज इस्पितळातल्या बैठकीत वाद झाला, त्यांना झटका आला आणि ते तिथेच गेले. पण या गोष्टीतला मला अधिक बोलका वाटणारा भाग आधीचा आहे. देवीच्या लशीमुळे पुढे जगभर नाव झालेले एडवर्ड जेन्नर हे हंटर यांचे शिष्य. दोष हृदयाच्या नळ्यांत असावा, हे जेन्नर यांना उमगलं होतं. १७७८ च्या सुमाराला हेबर्डन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांची काळजी दिसते : हे हंटर यांच्या कानावर गेलं तर बरं होण्याची आशाच ते सोडून देतील. म्हणजे 'पेशंटला सांगू नका, धसका घेईल' हे आपल्या घरांतलं वाक्य अडीचशे वर्षं जुनं आहे, आणि इथे ते एका डॉक्टरानं दुसऱ्या डॉक्टराबद्दल म्हटलं आहे.

सैनिकांची छाती

एकोणिसाव्या शतकात भीती आणि हृदय यांची गाठ उलट बाजूनं समोर आली. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर, १८७१ साली, जेकब डा कोस्टा यांनी अशा सैनिकांबद्दल लिहिलं ज्यांच्या छातीत धडधड होई, दुखे, दम लागे, पण हृदयात दोष सापडत नसे. पहिल्या महायुद्धात असे सैनिक हजारोंनी परत येऊ लागले. 'सैनिकाचं हृदय' हे नावच रूढ झालं. ब्रिटनमध्ये थॉमस लुईस यांनी त्यांच्यावर काम केलं. त्यांनी या सैनिकांना झोपवून ठेवलं नाही. हळूहळू वाढत जाणारी कवायत करायला लावली. कोण किती करू शकतो यावरून कोणाला सैन्यात परत पाठवायचं ते ठरे. उद्देश लष्करी होता, माया नव्हती. पण त्यातून एक धडा मिळाला होता : भ्यालेल्या छातीला श्रमाची थोडी थोडी सवय लावता येते.

ज्यांना खरोखरचा अटॅक आला होता त्यांच्यापर्यंत हा धडा पोचायला आणखी कित्येक दशकं जावी लागली.

सहा आठवड्यांची खाट

१९१२ साली शिकागोचे जेम्स हेरिक यांनी दाखवून दिलं की हृदयाची नळी अचानक बंद झाली तरी माणूस दरवेळी मरतोच असं नाही. वाचलेला रोगी हा नवाच माणूस होता. त्याचं करायचं काय? उत्तर आलं, विश्रांती. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं की मेलेल्या स्नायूच्या जागी पक्का व्रण तयार व्हायला साधारण सहा आठवडे लागतात. मग रोग्यानंही सहा आठवडे पडून राहावं, असा हिशेब झाला. कूस दुसऱ्यानं बदलायची, घास दुसऱ्यानं भरवायचा.

आमच्या बुढापाऱ्यातल्या जुन्या घरात १९६६ साली आजोबांना झटका आला, तेव्हा हा हिशेब तिथेही पोचला होता. रायपूरचं मेडिकल कॉलेज १९६३ साली सुरू झालं होतं, पण मोठा इलाज म्हणजे हावड्याकडून येणारी गाडी पकडून नागपूर, अशीच घरच्यांची समजूत. डॉक्टरांनी हलवू नका म्हणून सांगितलं. माजघरात खाट पडली. आत्या सांगते, आजी चमच्यानं पेज भरवायची, मुलांना अंगणात ओरडायची मनाई होती, तार आली तर आधी दुसऱ्यानं वाचायची. सहा आठवडे झाले, आजोबा उठले, पुढे अकरा वर्षं जगले. पण माडीवर पुन्हा कधी चढले नाहीत. त्यांची पुस्तकं माडीवर होती. हवं ते नाव ते खालून सांगत आणि कोणीतरी वर जाऊन आणून देई.

त्या डॉक्टरांनी काळाप्रमाणेच केलं होतं. आणि तरीही खाटेनं आजोबांना रोज एकच गोष्ट शिकवली : तू हललास तर मरशील. ही शिकवण सहा आठवड्यांनी खाटेबरोबर उचलून ठेवता आली नाही.

या समजुतीला पहिला मोठा धक्का खुर्चीनं दिला. बॉस्टनचे सॅम्युएल लेव्हाइन आणि त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाऊन यांनी अटॅक आलेल्या ८१ रोग्यांना पहिल्या काही दिवसांतच पलंगावरून उचलून आरामखुर्चीत बसवलं. १९५२ साली त्यांचा लेख आला. इस्पितळातल्या मंडळींना हा अघोरीपणा वाटला होता. पण खुर्चीत बसवल्यामुळे रोगी अधिक दगावले नाहीत, आणि त्यांचा चेहरा पालटला. बसलेल्या माणसाला खिडकीबाहेरचं दिसतं, समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवता येतो. आडवा माणूस छत बघतो आणि ठोके मोजतो.

१९६६ सालीच, आमच्या आजोबांची खाट माजघरात असताना, अमेरिकेत डॅलसला एक प्रयोग चालला होता. विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे नुसतं निजवून ठेवलं. तेवढ्यानं त्यांची श्रम करण्याची ताकद पावपटीहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयानं त्यांचं जेवढं नुकसान केलं नव्हतं, तेवढं त्या तीन आठवड्यांच्या खाटेनं केलं होतं. मग अटॅकनंतर खाटेवरून उठणाऱ्याला दोन पावलांत धाप लागली तर नवल काय? त्याला वाटे हृदय गेलं. बरंच काही गेलेलं असे ते पडून राहण्यानं.

राष्ट्राध्यक्ष चालतात

२४ सप्टेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना डेन्व्हर इथे अटॅक आला. दोन दिवसांनी न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. एका माणसाची धास्ती सगळ्या देशानं घेतली. हृदयतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी पत्रकारांना बोलावून सगळं सोप्या भाषेत समजावलं. नळी म्हणजे काय, व्रण कसा भरतो, अगदी शौचाला झाली का इथपर्यंत. जेन्नर यांनी जे लपवायचा विचार केला होता ते व्हाइट यांनी जगापुढे मांडलं. माणूस अटॅकनंतर कामावर परतू शकतो, त्यानं चाललं पाहिजे, हे ते आग्रहानं सांगत. आयझेनहॉवर १९५६ ची निवडणूक जिंकून पुन्हा अध्यक्ष झाले. पुढे त्यांना आणखी झटके आले आणि १९६९ साली ते गेले. पण 'अटॅक आला म्हणजे संपलं' हे वाक्य त्यानंतर पूर्वीसारखं ठामपणे म्हणता येईना.

१९६१ साली डेस्मंड ज्युलियन यांनी हृदयरोग्यांसाठी वेगळा कक्ष असावा अशी कल्पना मांडली आणि दशकभरात मॉनिटर लावलेले कक्ष जगभर पसरले. १९६८ साली बॉस्टनमध्ये थॉमस हॅकेट आणि सहकाऱ्यांनी अशा कक्षातल्या ५० रोग्यांशी बोलून पाहिलं. यंत्रं बघून लोक घाबरत असतील, असा अंदाज होता. निघालं उलटंच. बहुतेकांना त्या यंत्राचा आधार वाटत होता. आणि भीती वाटते का विचारलं तर कितीतरी जण साफ नाही म्हणाले. अडचण यंत्र काढल्यावर होती. कक्षातून साध्या वॉर्डात हलवताना काहींचा धीर सुटे, हेही त्याच सुमाराच्या एका अभ्यासात दिसलं.

घरी परतणं म्हणजे त्याचीच मोठी आवृत्ती. कालपर्यंत प्रत्येक ठोका पडद्यावर दिसत होता, कोणीतरी जागं होतं. आज पंखा, पाल आणि आपण. खिशात जिभेखाली ठेवायची गोळी असते. नायट्रोग्लिसरिन या कळीवर चालतं हे विल्यम मुरेल यांनी १८७९ साली दाखवलं, तेव्हापासून हे औषध डॉक्टरांच्या हाती आहे. अनेकांसाठी ती गोळी औषधाइतकीच ताईतही असते. ती खिशात नसली तर माणूस कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंतही जात नाही.

मोजमाप

मनाच्या या अवस्थेचा रोगाच्या परिणामाशी संबंध आहे का, हे मोजायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. कॅनडात माँट्रियलला नॅन्सी फ्रेझर-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी अटॅकमधून वाचलेल्या २२२ जणांचा अभ्यास केला. १९९३ साली त्यांनी लिहिलं की ज्यांना अटॅकनंतर नैराश्यानं ग्रासलं होतं, त्यांच्यात पहिल्या सहा महिन्यांतले मृत्यू कित्येक पटींनी अधिक होते. मन खचलेला माणूस औषधं चुकवतो, चालत नाही, सिगारेट सोडत नाही. शिवाय ताणाची संप्रेरकं हृदयावर थेटही काम करतात.

मग मन सुधारलं की आयुष्य वाढतं का? इथे इतिहास आपल्याला सोपं उत्तर देत नाही. २००३ साली २४८१ रोग्यांवरच्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीचा निकाल आला. विचारांची घडी बदलणाऱ्या मानसोपचारानं नैराश्य काही प्रमाणात उतरलं, एकटेपणाही कमी झाला, पण मृत्यू कमी झाले नाहीत. भारतात २४ रुग्णालयांत ३९५९ रोग्यांवर योगावर आधारलेल्या पुनर्वसनाची चाचणी झाली. २०२० साली ती प्रसिद्ध झाली. पुन्हा तसंच : पुढचे झटके आणि मृत्यू यांत ठोस फरक सिद्ध झाला नाही. पण योग शिकलेले लोक स्वतःची तब्येत अधिक चांगली सांगत होते आणि आपल्या जुन्या कामांकडे अधिक परतले होते.

काहींना हे निकाल निराशाजनक वाटतात. मला वाटत नाहीत. आमचे आजोबा अकरा वर्षं जगले हा आकडा चांगलाच होता. ती अकरा वर्षं माडीखाली गेली, हे कोणत्या तक्त्यात बसवायचं? धास्ती कमी करायची ती आयुष्याची वर्षं वाढावीत एवढ्यासाठीच नव्हे. उरलेल्या वर्षांत माडीवर जाता यावं म्हणून.

गडचिरोली आणि पवनार

मराठीत या भीतीला मोकळी वाट करून दिली ती एका डॉक्टरनं. छत्तीसगढला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात पत्नी डॉ. राणी बंग यांच्यासह काम करणारे डॉ. अभय बंग यांना १९९५ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी, अटॅक आला. त्याबद्दल त्यांनी लिहिलं, आणि राजहंस प्रकाशनानं काढलेलं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक घराघरांत गेलं. आमच्या ओळखीत अटॅक आलेल्या माणसाला भेटायला जाताना सफरचंदांबरोबर हे पुस्तक नेण्याची पद्धतच पडली. डॉक्टर आधी रोगी झाला आणि मग बोलला, याचा वाचकावर झालेला परिणाम मोठा होता. आहार, चालणं, योग, ध्यान आणि अमेरिकेतल्या डॉ. डीन ऑर्निश यांची पद्धत, हे सारं त्यात आहेच. पण मला त्या शीर्षकातला 'साक्षात्कारी' शब्द मोठा वाटतो. संतांच्या दालनातला शब्द त्यांनी उचलून रोगाच्या शेजारी ठेवला. ज्याची लाज वाटत होती, जे 'कोणाला सांगू नका' होतं, ते सांगण्याजोगं झालं. अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या निनावी पत्रलेखकानं जे केलं, ते इथे नाव लावून झालं.

बंग वर्ध्याच्या, गांधी-विनोबांच्या वातावरणात वाढले. त्याच वर्ध्याजवळ पवनारला नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. वय ८७. त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणं थांबवलं आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. मृत्यूच्या भीतीला दिलेलं हे एक टोकाचं उत्तर. आयुष्य पूर्ण झालं असं मानणाऱ्या वृद्ध साधकाचं ते उत्तर आहे. दुकानाचं कर्ज, मुलीची बारावी आणि अंगात औषधाची दोन वर्षं बाकी असलेल्या पंचेचाळिशीच्या माणसाला ते उपयोगाचं नाही, आणि त्यानं ते घेऊही नये. त्याला जगायचं आहे. प्रश्न आहे तो भीतीसह कसं जगायचं हा.

घरातले उपाय

आपल्या घरांतही या प्रश्नावर काही ठेवणीतलं होतं. दिवेलागणीला रामरक्षा म्हणताना एकेक अवयव, मस्तकापासून पायापर्यंत, रामाच्या एकेका नावाकडे सोपवला जातो. हृदयही त्यात आहे. श्रद्धा असो-नसो, सगळं लक्ष छातीत अडकलेल्या माणसाला तेवढ्या वेळात हात, पाय, गुडघे असल्याची आठवण होते. समर्थांचे मनाचे श्लोक तर मनालाच समोर बसवून बोलतात. त्या समर्थांचा 'दासबोध' आणि टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेणारे माधवराव सप्रे हे रायपूरचेच. बुढा तालाबाजवळची शाळा आजही त्यांच्या नावानं ओळखली जाते. मनाशी बोलण्याची मराठी रीत या गावातून हिंदीत गेली, हे इथल्या अनुवादकाला विसरता येत नाही.

गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याला एकोणपन्नासाव्या वर्षी अटॅक आला. एक स्टेंट बसला. दुसऱ्या दिवशी सिस्टरनं त्यांना वऱ्हांड्यात चालवलं, चौथ्या दिवशी घरी पाठवलं. १९६६ ते आता, वैद्यक कुठून कुठे आलं! पण घर अजून बरंचसं माजघरातल्या खाटेपाशीच होतं. त्यांनी पाण्याची बादली उचलली की सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणत, "अरे, ठेव ती खाली. तुला काय सांगितलंय?" यात माया होती, आणि 'तू मोडका आहेस' हा निरोपही होता. रात्री आम्ही दोघंही जागे असायचो आणि दोघंही झोपल्यासारखं करायचो. एकदा पहाटे तेच म्हणाले, "तू माझा श्वास मोजतेस ना? मीही मोजतो." त्या वाक्यानंतर बोलणं सुरू झालं.

डॉक्टरांना विचारून आम्ही एक वही केली. तारीख, किती मिनिटं चाललो, काय वाटलं. बुढा तालाबाच्या काठानं पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, मग पंधरा, मग वीस. चालता चालता बोलता येतंय म्हणजे वेग ठीक, ही डॉक्टरांनी दिलेली साधी कसोटी. 'काय वाटलं' या रकान्यात सुरुवातीला 'धडधड, भीती वाटली, काही झालं नाही' असं लिहिलेलं आहे. दीड महिन्यानंतर त्या रकान्यात 'गर्दी होती', 'पाऊस' असं दिसू लागतं. 'काही झालं नाही' हे तीस-चाळीस वेळा स्वतःच्या पायांनी सिद्ध करावं लागतं. दुसऱ्यानं समजावून ते पटत नाही. नवरा-बायकोच्या जवळिकीबद्दलची भीती तर कोणी विचारतही नाही. दोन जिने न थांबता, छातीत न दुखता चढता आले तर सहसा तीही हरकत नसते, हे डॉक्टरांनी आपण विचारल्यावरच सांगितलं.

प्रत्येक कळ म्हणजे मनाचा खेळ, असं मात्र समजू नये. नवी, वेगळी, थांबूनही न थांबणारी वेदना, सोबत घाम किंवा दम लागणं, हे वहीत लिहीत बसण्याचं काम नाही. त्या वेळी थेट दवाखाना गाठायचा. आणि महिनोन्महिने झोप लागत नसेल, रडू आवरत नसेल, घराबाहेर पाऊल पडत नसेल, तर मनाच्या डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा नाही. अटॅकनंतर नैराश्याची काही औषधं सुरक्षितपणे घेता येतात, हे चाचण्यांत पाहिलं गेलं आहे. हृदयाच्या डॉक्टरांना सांगून घ्यावीत.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी आहे. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली दिलेल्या प्रवचनांत विनोबांनी या गुणांची फौज उभी केली आहे. त्या फौजेत अभय आघाडीला आहे आणि नम्रता पिछाडीला. पुढे अभय नसेल तर एक पाऊलही पडत नाही आणि मागे नम्रता नसेल तर मिळवलेलं केव्हा हातचं जाईल याचा नेम नाही. हृदयरोग्याच्या डोळ्यांनी वाचलं तर हे थेट व्यवहाराचं बोलणं आहे. अभय म्हणजे चपला घालून तलावाकडे निघणं. नम्रता म्हणजे निघण्याआधी गोळी घेणं, चढ आला तर वेग कमी करणं, दुखलं तर थांबणं आणि सांगणं. दोघींतली एकच असेल तर एक तर माजघरातली खाट उरते, नाहीतर हंटर यांची ती बैठक. दोघी असल्या की माडीवर जाता येतं. हवं ते पुस्तक आपल्या हातानं काढता येतं.